पडद्यावरचे भूत आणि घरातला धीर

दिवाळीची सुटी लागली, की सेनगाव आणि भोवतालच्या खेड्यांतील घरे पुन्हा भरतात. पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे नोकरीनिमित्त गेलेली मुले सहकुटुंब येतात, आजी-आजोबांच्या खोलीत नातवंडांची अंथरुणे पडतात आणि रात्री उशिरापर्यंत दूरदर्शन संच चालू राहतो. या दिवसांत माझ्या दवाखान्यात एकाच विषयाचे दोन प्रश्न हमखास येतात. मुलगा विचारतो, "डॉक्टर, वडिलांना रक्तदाब आहे आणि त्यांना नातवाला तो जुना भुताचा चित्रपट दाखवायचा आहे. पाहू द्यावा का?" आजी विचारतात, "डॉक्टर, नातू मोबाइलवर काहीबाही पाहतो नि रात्री दचकून उठतो. काय करावे?"

वरवर पाहता हे प्रश्न करमणुकीचे वाटतात. वास्तविक ते वृद्धाच्या हृदयाचे, बालकाच्या झोपेचे आणि एका घरातील तीन पिढ्यांच्या परस्पर विश्वासाचे आहेत. म्हणून त्यांचा विचार थोडा सविस्तर करू.

आपल्या पिढीची भुते

वाचकहो, आपल्यापैकी जे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यांनी आपले पहिले पडद्यावरचे भूत बहुधा जत्रेतील तंबूत पाहिले असेल. जे माझ्याप्रमाणे पन्नाशी ओलांडलेले आहेत, त्यांनी ते गणेशोत्सवात रस्त्यावर लावलेल्या पडद्यावर किंवा भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर पाहिले असेल. अर्धे गाव एकत्र बसलेले असे. भय वाटे, पण शेजारी कोणाचा तरी खांदा असे.

त्या काळातील चित्रपट आठवून पाहा. १९४९ साली बॉम्बे टॉकीजने 'महल' काढला. कमाल अमरोही यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. अशोककुमार आणि मधुबाला, ओसाड वाडा, मध्यरात्रीचे ठोके आणि खेमचंद प्रकाश यांच्या संगीतात लताबाईंचा दुरून जवळ येणारा स्वर. त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून चित्रपटातील 'कामिनी' या पात्राचेच नाव छापले गेले होते. १९६२ साली बीरेन नाग यांचा 'बीस साल बाद' आला, त्याची निर्मिती आणि संगीत हेमंतकुमार यांचे. १९६४ साली राज खोसला यांच्या 'वो कौन थी?' मध्ये पावसाळी रात्री पांढऱ्या साडीतील साधना रस्त्यात उभी राहिली आणि मोटार चालवणाऱ्या नायकाबरोबर सारे प्रेक्षागृह थिजले.

मराठीत १९७६ साली वसंत जोगळेकर यांनी 'हा खेळ सावल्यांचा' दिला. आशा काळे आणि डॉ. काशीनाथ घाणेकर यांच्या भूमिका, सुधीर मोघे यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत. घाणेकर हे पेशाने दंतवैद्य होते, हे आम्हा वैद्यकीय मंडळींना विशेष कौतुकाने आठवते. पुढे १९९३ साली महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने भीती आणि हसू यांची गाठ घातली. लक्ष्मीकांत बेर्डे, दिलीप प्रभावळकर आणि रामदास पाध्ये यांचा तो बोलका बाहुला मराठी घरांतून आजही निघालेला नाही.

या यादीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'महल', 'बीस साल बाद' आणि 'वो कौन थी?' या तिन्ही चित्रपटांत शेवटी भूत नसते, माणूसच असतो. कोणी प्रेमापोटी, कोणी सूडापोटी, कोणी इस्टेटीच्या लोभापोटी भुताचा देखावा उभा केलेला असतो. 'हा खेळ सावल्यांचा'मध्ये तर भुताच्या भयाची गाठ माणसाच्या मनातील दुखण्याशी बांधलेली आहे. आपल्या भागासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. ती का, ते पुढे सांगतो.

भीती वाटते तेव्हा शरीरात काय घडते?

पडद्यावर दार करकरते आणि आपल्या मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग धोक्याची सूचना देतो. हा चित्रपट आहे, हे विचार करणाऱ्या मेंदूला ठाऊक असते, परंतु ही सूचना त्याच्या आधी पोहोचते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन स्रवते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, बाहुल्या विस्फारतात, तळहात ओले होतात, अंगावर काटा येतो. धोका खरा नाही हे उमगले, की काही मिनिटांत सारे पूर्ववत होते आणि त्यानंतर एक प्रकारचा हलकेपणा जाणवतो. भिऊन झाल्यावर लोक हसतात ते याचमुळे.

"भीतीने रक्त गोठले" असे आपण म्हणतो. २०१५ साली नेदरलँडमधील संशोधकांनी हा वाक्प्रचार खरोखरच तपासून पाहिला. २४ निरोगी तरुणांना त्यांनी एक भयपट आणि एक माहितीपट असे दोन्ही दाखवले आणि प्रत्येक वेळी आधी व नंतर रक्त तपासले. भयपटानंतर रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या आठव्या घटकाचे प्रमाण किंचित वाढलेले आढळले. परंतु प्रत्यक्ष गुठळी बनण्याची प्रक्रिया सुरू झाल्याचे दिसले नाही. अर्थात हे सारे तरुण आणि निरोगी होते. त्यांचा निष्कर्ष सत्तरीच्या रुग्णाला जसाच्या तसा लावता येत नाही.

आजोबांनी पाहावा की नाही?

ज्यांचा रक्तदाब औषधांनी आटोक्यात आहे, जे जिना चढताना किंवा बाजारातून चालत येताना छातीत दुखल्याची तक्रार करत नाहीत, अशा वृद्धांना जुना, संथ गतीचा भयपट पाहण्यास माझी हरकत नसते. मुलांनी काळजीपोटी वडिलांचा प्रत्येक आनंद कुलपात ठेवू नये. "तुम्हाला झेपणार नाही" हे वाक्य वृद्धांना दिवसातून किती वेळा ऐकावे लागते, याचा विचार काळजीवाहकांनी करावा.

मात्र काही जणांनी थांबणे आवश्यक आहे. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, थोड्या श्रमाने छातीत दुखत असेल, नाडी अनियमित असेल किंवा रक्तदाब अद्याप काबूत आला नसेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज भयपट पाहू नये. अतिशय तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुर्बल होण्याचा एक विकार असतो. १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले आणि तो बहुतांशी ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रियांत आढळतो. तो प्रामुख्याने जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा अपघात यांसारख्या खऱ्या आघातानंतर दिसतो. चित्रपटाने तो व्हावा ही गोष्ट विरळा, तरीही चित्रपट पाहताना छातीत दाब, घाम, धाप किंवा डाव्या हातात कळ जाणवली, तर "भीतीने झाले असेल" म्हणून वाट पाहत बसू नये. चित्रपट बंद करून तत्काळ रुग्णालय गाठावे.

ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांच्याबाबत माझा सल्ला अधिक स्पष्ट आहे: त्यांना भयपट दाखवू नका. आजार वाढला, की पडद्यावरचे आणि घरातले यांतील सीमारेषा पुसट होते. पडद्यावरील माणूस आपल्या ओसरीवर आला आहे असे त्यांना वाटू शकते आणि ती भीती चित्रपट संपल्यावरही संपत नाही. त्यांच्यासाठी त्याच चित्रपटांतील गाणी लावा. नावे आणि तारखा विसरलेल्या माणसाला जुने गाणे पुष्कळदा आठवते. सारे अंतरे गुणगुणणारी आजी मी पाहिली आहे, समोर बसलेल्या मुलाचे नाव मात्र त्यांना सांगता येत नव्हते. त्या दहा मिनिटांत तो मुलगा आईजवळ पुन्हा बसू शकला, हे काही थोडे नाही.

नातवंडांना केव्हा दाखवावा?

साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना खरे आणि खोटे यांतील भेद पक्का कळत नाही. "हे खोटे आहे" असे सांगितले तरी त्यांची भीती खरीच असते. सात-आठ वर्षांपासून ही समज हळूहळू येऊ लागते. म्हणून 'झपाटलेला'सारखा हसवणारा चित्रपट आठ-नऊ वर्षांच्या मुलाबरोबर पाहता येईल; 'महल' किंवा 'वो कौन थी?' यांसाठी दहा-बारा वर्षांपर्यंत थांबावे. यात वयापेक्षा मुलाचा स्वभाव महत्त्वाचा. एखादे नऊ वर्षांचे मूल खदखदून हसेल, तर एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीला अंधाराचे भय असेल. तसेच ज्या मुलाने घरात नुकताच मृत्यू पाहिला आहे, त्याच्यासमोर स्मशान आणि प्रेत दाखवणारा चित्रपट काही काळ आणू नये.

नवे चित्रपट निवडताना सेन्सॉर प्रमाणपत्राकडे पाहावे. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर 'यूए' या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. हे अंक पालकांच्या मदतीसाठीच आहेत.

मूल मोबाइलवर एकटे, कानांत आवाज कोंबून, पांघरुणाखाली भुताच्या चित्रफिती पाहते, ती गोष्ट मला अधिक चिंतेची वाटते. तिथे ना कथा असते, ना शेवट. नुसते दचकवणे असते आणि दचकल्यावर धरायला हात नसतो. आपण आपला आवडता चित्रपट त्याच्यासमोर मांडतो, तेव्हा त्याला भीती तर मिळते, पण तिच्यासोबत माणूसही मिळतो.

माझी मुलगी बारा वर्षांची असताना मी तिला 'वो कौन थी?' दाखवला. तिच्या पिढीला तो संथ वाटेल अशी माझी अटकळ होती आणि ती काही अंशी खरी ठरली. पावसातील प्रसंगाला ती घाबरली नाही, उलट गाडीचे वायपर का चालत नाहीत, यावर तिने मतप्रदर्शन केले. परंतु मध्यंतरात तिने विचारले, "बाबा, पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुम्ही घाबरला होता?" मी सांगितले, की घाबरलो होतो; व्हिडिओ पाहून गल्लीतून घरी येताना मोठ्याने बोलत आलो होतो आणि त्या रात्री आईच्या खाटेजवळ अंथरूण ओढले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तिच्या शाळेतील एका गोष्टीविषयी सांगितले. त्या गोष्टीला ती कित्येक आठवडे घाबरत होती आणि घरात कोणाला बोलली नव्हती. त्या गोष्टीचा भुताशी काही संबंध नव्हता.

मोठी माणसेही घाबरतात, घाबरून पुन्हा सावरतात आणि घाबरल्याचे सांगण्यात कमीपणा नसतो, हे मुलांना उपदेशातून कळत नाही. सोबत बसून घाबरल्यावर ते आपोआप कळते. आजी-आजोबांनी तर हे अवश्य करावे. "मी तुझ्याएवढा होतो तेव्हा" या शब्दांनी सुरू होणारी गोष्ट सांगायला चित्रपटासारखे दुसरे निमित्त नाही.

पाहताना घ्यावयाची काळजी

चित्रपट दुपारी किंवा सायंकाळी पाहावा. झोपण्यापूर्वी निदान दोन-तीन तास तो संपलेला असावा, म्हणजे वृद्ध आणि बालक दोघांचीही झोप मोडत नाही. खोलीत पूर्ण अंधार करू नये. अंधारात उठताना वायरीत पाय अडकून पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, हा भुताहून फार मोठा धोका आहे. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर लहान दिवा ठेवावा.

जुने चित्रपट दोन-अडीच तासांचे असतात. तासाभराने मध्यंतर घ्यावे, चार पावले चालावे, लघवीला जाऊन यावे. एका जागी फार वेळ पाय लोंबकळत ठेवले, की घोट्यांवर सूज येते. मधुमेही व्यक्तीच्या जेवणाची, गोळीची वा इन्सुलिनची वेळ चित्रपटासाठी पुढे ढकलू नये. साखर उतरल्यावरही घाम, थरथर आणि धडधड होते आणि ती भीतीची समजून दुर्लक्षिली जाते. अशी लक्षणे दिसताच शक्य असल्यास साखर तपासावी, अन्यथा आधी साखर वा ग्लुकोज द्यावे.

कमी ऐकू येणाऱ्यांना भयपटात विशेष त्रास होतो. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पार्श्वसंगीत अंगावर येते. श्रवणयंत्र लावावे किंवा नातवाने शेजारी बसून संवाद सांगावेत. ज्यांना फेफरे येते, त्यांनी लखलखणाऱ्या प्रकाशाची दृश्ये टाळावीत.

मुलाला आधी थोडी कल्पना द्यावी. भित्र्या मुलाला "शेवटी हे माणसाचेच कारस्थान निघते" एवढे सांगितले, तर रंगत थोडी कमी होईल, पण धीर येईल. मध्येच नको म्हटल्यास हसू नये, बंद करावे. नंतर "झोप, नाहीतर ती पांढऱ्या साडीवाली येईल" असे कधीही म्हणू नये. तसेच "डॉक्टर सुई टोचतील" असेही म्हणू नये, ही माझी आपली एक जादा विनंती. दोन-तीन रात्री मूल बिचकले तर ते स्वाभाविक आहे. परंतु दोन-तीन आठवडे ते एकटे झोपत नसेल, अंथरूण ओले करू लागले असेल, वारंवार पोटात दुखते म्हणून शाळा टाळत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यामागे चित्रपटाखेरीज दुसरे कारण असण्याची शक्यता असते.

आपल्या भागासाठी विशेष

आता आधी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. मराठवाड्यात भानामती, करणी, बाधा हे शब्द आजही घराघरांत ऐकू येतात. वृद्ध माणूस रात्री उठून "कोपऱ्यात कोणी उभे आहे" असे म्हणू लागला किंवा वारलेल्या पत्नीशी बोलू लागला, की घरचे लोक दवाखान्याआधी मांत्रिकाचा उंबरठा गाठतात. त्यात जे दिवस जातात, ते परत मिळत नाहीत.

वृद्धांना असे भास होण्याची कारणे आम्हाला ठाऊक आहेत. एकाएकी एक-दोन दिवसांत माणूस बरळू लागला, तर लघवीतील किंवा फुप्फुसातील जंतुसंसर्ग, अंगातील पाणी वा सोडियम कमी होणे, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू केलेले औषध किंवा अचानक थांबवलेली दारू यांपैकी काही तरी बहुधा सापडते. ही तातडीची बाब आहे आणि वेळीच उपचार केल्यास पुष्कळ रुग्ण पूर्ववत होतात. मोतीबिंदूने वा अन्य विकाराने दृष्टी फार मंदावलेल्या, पण बुद्धी शाबूत असलेल्या माणसालाही माणसे, मुले, आकृती दिसू शकतात. डोळ्यांकडून पुरेशी माहिती मिळाली नाही, की मेंदू आपल्या मनाने चित्रे रंगवतो. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत आणि कंपवातातही भास होतात. खोल नैराश्यात आवाज ऐकू येतात. यांपैकी एकही बाधा नव्हे आणि एकाही विकाराला अंगारा पुरत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारहाण करणे, चटके देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायद्याचे पुस्तक नातवाच्या हाती देऊन त्याला हे समजणार नाही. जुना भयपट पाहताना मात्र तो अडीच तास भुतावर विश्वास ठेवतो आणि अखेरीस पडदा बाजूला होऊन माणसाचा हात दिसतो, तेव्हा त्याला जे उमजते, ते तो विसरत नाही. पुढे कधी आजोबांना रात्री भास झाले, तर "बाधा झाली" असे न म्हणता "ताप आहे का, लघवी होते का" असे विचारणारा तो घरातला पहिला माणूस ठरू शकेल.

आणि वृद्ध वाचकहो, आपल्याला असे काही दिसत वा ऐकू येत असेल, तर ते लपवू नका. लोक वेडे म्हणतील या भयाने पुष्कळ जण महिनोन्महिने गप्प राहतात. आपल्या मुलाला किंवा सुनेला सांगा, डॉक्टरांना सांगा. मनाच्या दुखण्याविषयी दूरध्वनीवरून बोलायचे असल्यास शासनाची 'टेली मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

काळजीवाहकांनाही एक सांगणे आहे. या सुटीत वडिलांना किंवा आईला विचारा: "तुम्ही सर्वांत जास्त घाबरलेला चित्रपट कोणता?" तो शोधून काढा. रक्तदाब मोजून घ्या, दिवा लावा, भुईमुगाच्या शेंगा भाजा आणि नातवंडाला त्यांच्या शेजारी बसवा. चित्रपट संपल्यावर लगेच उठू नका. पाच-दहा मिनिटे तसेच बसून राहा. जे बोलायचे राहून गेलेले असते, ते पुष्कळदा त्याच वेळी निघते.